कोल्हापुरातून खंडग्रास चंद्रग्रहण: कोणते दिसेल हे कसे ओळखावे आणि दिसले तर कसे पाहावे

चंद्रग्रहणाची बातमी छापून आली की आपल्याकडे घरोघरी पहिला प्रश्न निघतो तो ‘वेध कधीपासून?’ हा. ‘ते कोल्हापुरातून दिसणार आहे का?’ हा प्रश्न मागाहून येतो आणि पुष्कळदा येतच नाही. वास्तविक पंचांगकर्तेसुद्धा हा दुसरा प्रश्न आधी सोडवतात, कारण जे ग्रहण आपल्या गावी दिसत नाही त्याचे वेधादी नियम पाळू नयेत असे पंचांगातच स्पष्ट लिहिलेले असते. आकाश पाहण्याची हौस असलेल्या माणसाला तर या एका प्रश्नाचे उत्तर स्वतः काढता आले पाहिजे. त्यासाठी दुर्बीण लागत नाही आणि गणितही लागत नाही. भिंतीवरचे कॅलेंडर, घड्याळ आणि पंचांगातले पाच-सहा शब्द एवढ्यावर काम भागते.

आधी ते शब्द पाहू. पृथ्वीची सावली दुहेरी असते. मधली गडद छाया, जिथे सूर्याचा प्रकाश थेट पोचतच नाही, आणि तिच्याभोवतीची विरळ छाया, जिथे सूर्यबिंबाचा काही भागच झाकलेला असतो. चंद्र फक्त विरळ छायेतून गेला तर छायाकल्प ग्रहण होते, आणि ते उघड्या डोळ्यांना बहुतेक वेळा जाणवतही नाही. चंद्र पूर्णपणे गडद छायेत बुडाला तर खग्रास, आणि त्याचा काही भागच त्या छायेत शिरून बाहेर पडला तर खंडग्रास. चंद्राची कड गडद छायेला प्रथम टेकते तो क्षण स्पर्श, ग्रहण सर्वांत जास्त असते तो मध्य, आणि चंद्र गडद छायेतून सुटतो तो मोक्ष. खग्रास ग्रहणात यांच्या जोडीला संमीलन (चंद्र पूर्ण बुडतो तो क्षण) आणि उन्मीलन (तो पुन्हा बाहेर डोकावू लागतो तो क्षण) येतात, पण खंडग्रासात ते नसतात. चंद्र ग्रहण लागलेल्या अवस्थेतच उगवला तर ते ग्रस्तोदित आणि तसाच मावळला तर ग्रस्तास्त.

ग्रासमान हा आकडा मात्र नीट समजून घ्यावा, कारण निम्मी निराशा त्याच्यापोटी होते. चंद्राच्या व्यासाचा किती भाग छायेत गेला हे तो सांगतो, क्षेत्रफळाचा किती हे नाही. २८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्रीच्या ग्रहणाचे ग्रासमान ०.१२ होते. बातमीत ‘बारा टक्के’ वाचून लोक चंद्राचा आठवा हिस्सा काळा होईल या अपेक्षेने बसले. प्रत्यक्षात बिंबाचा सहा टक्क्यांच्या आसपासच भाग झाकला गेला. ती कोजागरीची रात्र होती. आमच्या गच्चीवर वेधांमुळे निम्म्या मंडळींनी मसाला दुधाला हात लावला नव्हता आणि उरलेल्यांनी पातेले कधीच संपवले होते. रात्री १:०५ ला स्पर्श झाला तरी दहा मिनिटे कोणाला काहीच दिसेना. मग शेजारच्या काकूंनी विचारले, “डावीकडं खाली कुणी चिमटा काढल्यागत दिसतंय, तेच काय?” तेच होते. १:४४ च्या मध्यालाही तो चिमटा फारसा वाढला नाही आणि २:२३ च्या सुमारास मोक्ष झाला. ज्यांना आकडा कळला होता त्यांना ते पाहून समाधान वाटले. बाकीचे ‘एवढंच होय?’ म्हणून खाली झोपायला गेले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सूर्यग्रहणाची वेळ गावागणिक बदलते, कारण तिथे चंद्राची छोटी सावली पृथ्वीवरून सरकत जाते. चंद्रग्रहणाचे तसे नाही. सावली प्रत्यक्ष चंद्रावर पडलेली असते, त्यामुळे स्पर्श, मध्य आणि मोक्ष यांचे क्षण सगळ्या जगाला एकच असतात आणि भारतीय प्रमाणवेळेत ते कोल्हापूरला, कोलकात्याला आणि जैसलमेरला सारखेच लिहिले जातात. बदलते ते इतकेच, की त्या क्षणी आपल्या गावात चंद्र क्षितिजाच्या वर आहे की खाली. म्हणून दोन रकाने शेजारी शेजारी ठेवावेत: एकात स्पर्श आणि मोक्ष, दुसऱ्यात कोल्हापूरचा चंद्रोदय आणि चंद्रास्त. पहिल्या रकान्यातला जेवढा काळ दुसऱ्यात बसतो तेवढेच ग्रहण आपले.

चंद्रोदयाची वेळ हाताशी नसली तरी अडत नाही. ग्रहण पौर्णिमेलाच होते आणि त्या वेळी चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून त्या दिवशीचा चंद्रोदय सूर्यास्ताच्या आणि चंद्रास्त सूर्योदयाच्या आगेमागेच असतो. कोल्हापूरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सहाच्या किंचित आधी, तर जुलैच्या आरंभी सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास होतो. तेव्हा ठोकळ नियम असा: स्पर्श आणि मोक्ष दोन्ही संध्याकाळी साडेसात ते पहाटे साडेपाच या वेळेत पडत असतील तर ऋतू कोणताही असो, ते ग्रहण आपल्याकडून आरंभापासून शेवटपर्यंत दिसण्याजोगे आहे. दोन्ही वेळा दिवसा पडत असतील तर विषय संपला. वेळ काठावर असेल तेव्हाच मिनिटांचा हिशोब करावा लागतो. परदेशी तक्त्यांत वेळ जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावेत. भारतासाठीच्या अधिकृत वेळा कोलकात्याचे पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटर काढते आणि वर्तमानपत्रांत बहुधा त्याच येतात.

काठावरच्या ग्रहणाचा नमुना म्हणून ३ मार्च २०२६ चे उदाहरण घ्या. ते ग्रहण खग्रास, पण खग्रास अवस्था भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ५:३३ ला संपणारी आणि मोक्ष ६:४७ ला. त्या दिवशी कोल्हापूरचा चंद्रोदय ६:४१ च्या सुमारास, म्हणजे कागदोपत्री आपल्या वाट्याला ग्रस्तोदित चंद्राची जेमतेम सहा मिनिटे, तीही संधिप्रकाशात, क्षितिजाला चिकटलेल्या चंद्रावर. नागपूर आपल्या पूर्वेला पाच अंश असल्यामुळे तिथे चंद्र सुमारे वीस मिनिटे आधी उगवतो, तर कोलकात्यात तासभर आधी. ‘भारतात दिसणार’ हे शब्द म्हणूनच पुरेसे नसतात. पश्चिमेकडच्या गावांनी ते वाचून लगेच हुरळून जाऊ नये. उलट टोकाचे उदाहरण १९ नोव्हेंबर २०२१ चे. ते खंडग्रास ग्रहण साडेतीन तासांच्या जवळपास चालले, शतकांतले सर्वांत दीर्घ म्हणून गाजले, ग्रासमानही ०.९७ होते, भारतात मात्र ते अरुणाचल, आसामच्या बाजूलाच चंद्रोदयाच्या वेळी शेवटी शेवटी दिसले. कोल्हापुरात चंद्र वर येईपर्यंत सगळे आटोपले होते.

आणखी एक फसगत तारखेची. ग्रहण मध्यरात्रीनंतर असेल तर इंग्रजी तारीख बदललेली असते, पण आपल्या बोलण्यात आणि पंचांगात ती आदल्या दिवसाचीच रात्र असते. १७ जुलै २०१९ च्या पहाटे १:३१ ते ४:३० या वेळेत झालेले ग्रहण हे १६ तारखेच्या गुरुपौर्णिमेच्या रात्रीचे. मोबाइलमध्ये १७ च्या रात्रीचा गजर लावून ठेवणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत. त्यांना दुसऱ्या दिवशी रात्री दीड वाजता लख्ख, निष्कलंक चंद्र पाहायला मिळाला.

आता पुढच्या तारखा. केवळ खंडग्रास आणि कोल्हापुरातून पूर्ण दिसू शकणारी ग्रहणे मागे ७ ऑगस्ट २०१७ ला, जुलै २०१९ मध्ये आणि कोजागरीला २०२३ मध्ये झाली. त्यानंतर मोठा खंड पडतो. २८ ऑगस्ट २०२६ च्या ग्रहणाचे ग्रासमान ०.९३ इतके घसघशीत आहे, पण ते भारतीय वेळेनुसार सकाळी ८:०४ ते ११:२२ पर्यंत, म्हणजे आपल्याकडे चंद्र मावळून गेल्यावर. २०२७ मध्ये फक्त छायाकल्प ग्रहणे आहेत. १२ जानेवारी २०२८ चे अगदी लहान खंडग्रासही सकाळी पावणेदहाच्या सुमाराचे, म्हणून आपल्याला निरुपयोगी.

त्यानंतर येते ते ६ जुलै २०२८ चे, आणि ज्यांना एकच ग्रहण नीट पाहायचे आहे त्यांनी हे लिहून ठेवावे. गुरुपौर्णिमेची रात्र, स्पर्श १०:३९, मध्य ११:५०, मोक्ष मध्यरात्रीनंतर १:००, ग्रासमान ०.३९. वेळ इतकी सोयीची, की लहान मुलांनाही मध्यापर्यंत जागे ठेवता येईल. स्पर्शाच्या वेळी चंद्र आग्नेयेला क्षितिजापासून चाळीस अंशांवर असेल, म्हणजे हात लांब करून एकावर एक ठेवलेल्या चार मुठींइतका वर, आणि मोक्षापर्यंत तो दक्षिणेला पाच मुठींवर पोचेल. त्या वेळी चंद्र सावलीच्या दक्षिण अंगाने जात असल्यामुळे त्याची वरची, उत्तरेकडची कड काळवंडेल.

१५ जून २०३० च्या, ज्येष्ठ पौर्णिमेच्या रात्रीचे ग्रहण याच्या नेमके उलट. स्पर्श १०:५१, मध्य १२:०३, मोक्ष १:१५, ग्रासमान ०.५०. चंद्र आकाशात जवळपास त्याच जागी, पण सावलीच्या उत्तर अंगाने जाणारा, त्यामुळे खालचा भाग कुरतडला जाईल. दोन्ही ग्रहणांची रेखाटने शेजारी ठेवली तर एकाच सावलीच्या दोन बाजू पाहिल्यासारखे होईल. या दोघांच्या मधल्या खग्रास ग्रहणांतही खंडग्रास अवस्था असतेच. ३१ डिसेंबर २०२८ ला ती रात्री ८:३७ च्या सुमारास सुरू होते, मध्य १०:२२ ला, आणि मोक्ष होईपर्यंत घड्याळात २०२९ साल उजाडून सहा मिनिटे झालेली असतील. त्या रात्री चंद्र जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा मान मोडून उभे राहण्यापेक्षा गच्चीवर सतरंजी टाकून आडवे व्हावे. २१ डिसेंबर २०२९ च्या पहाटेचे खग्रासही २:२५ ते ५:५८ पर्यंत आपल्याकडून दिसते.

दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, हे थोडक्यात: चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे, त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. दोन्ही कक्षा जिथे छेदतात त्या बिंदूंना आपण राहू आणि केतू म्हणतो, आणि पौर्णिमा त्यांच्या जवळ पडली तरच ग्रहण होते. म्हणून ग्रहणांचे हंगाम साधारण सहा-सहा महिन्यांनी येतात. शिवाय १८ वर्षे, १० किंवा ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी तेच ग्रहण थोड्या फरकाने पुन्हा घडते. २०२८ च्या जुलैतील ग्रहणाचा मागचा अवतार २६ जून २०१० चा. तो आपल्याकडे सूर्यास्ताच्या आतच संपला होता. मधले ते तास जास्तीचे पडल्यामुळे या खेपेला तो आपल्या रात्रीत आला आहे.

जून-जुलैच्या ग्रहणांची खरी अडचण कोल्हापूरकराला सांगायला नको. राधानगरी आणि गगनबावड्याकडे त्या दिवसांत सूर्य दिसला तरी नवल वाटते. ग्रहण पाहायचे म्हटले की पन्हाळा किंवा जोतिबाचा डोंगर आठवतो, पण पावसाळ्यात हा बेत मुळीच करू नये. तिथे ढग डोक्यावर नव्हे तर अंगावर असतात. चंद्र पाहायला उंची लागत नाही आणि काळोखही लागत नाही. राजारामपुरीतल्या दिव्यांच्या उजेडातूनही ग्रहण तितकेच स्पष्ट दिसते. लागते ते फक्त उघडे आकाश, आणि ते पूर्वेकडे जावे तसे वाढत जाते. सह्याद्रीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत येता येता पावसाचा जोर पुष्कळ ओसरतो, आणि त्याच्या पलीकडे सांगली जिल्ह्यातले जत, आटपाडी हे तालुके तर पर्जन्यछायेचेच. गुरुपौर्णिमेला नृसिंहवाडीला जाणाऱ्यांनी रात्री तिथेच थांबावे. नदीचे पाणी चढलेले नसेल तर शहरापेक्षा तिथे चंद्र दिसण्याची शक्यता जास्त. मी स्वतः मात्र आदल्या संध्याकाळी उपग्रहाची ढगांची छायाचित्रे पाहून मगच गाडी काढायची की नाही ते ठरवीन. सव्वादोन-अडीच तासांच्या ग्रहणात ढग वीस मिनिटे जरी फाकले तरी काम होते, म्हणून पाऊस पडत असला तरी मोक्षापर्यंत गच्चीचे दार लावू नये.

शहरातच राहणार असाल तर जागा आदल्या पौर्णिमेला ठरवावी. उन्हाळ्यातला आणि पावसाळ्यातला पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडून खालून जातो, हिवाळ्यातला डोक्यावरून. जून-जुलैच्या ग्रहणांसाठी दक्षिण बाजू मोकळी असलेली गच्ची हवी. समोर पाच मजली इमारत असेल तर स्पर्शच हुकतो. ग्रस्तोदित ग्रहणासाठी पूर्व क्षितिज मोकळे हवे, तेव्हा टेंबलाईच्या टेकडीसारखी पूर्वेकडची उंच जागा बरी. रंकाळ्यावर लोक सवयीने सूर्यास्ताकडे तोंड करून बसतात, आणि नेमका त्याच वेळी त्यांच्या पाठीमागे चंद्र उगवत असतो.

प्रत्यक्ष पाहताना डोळ्यांना कसलाही धोका नाही. काळ्या काचा, एक्स-रेच्या फिल्म हे सगळे सूर्यग्रहणापुरते. तेही एक्स-रे फिल्मने किंवा साध्या काळ्या काचेने कधी पाहू नये. स्पर्शाच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी बसावे आणि चंद्राच्या डाव्या अंगाकडे लक्ष ठेवावे, कारण चंद्र सावलीत पूर्वेच्या कडेने शिरतो. आधी तिथे धुरकटपणा येतो, काचेवर वाफ धरावी तसा. ही विरळ छाया. मग त्यातच एक गडद खाच उमटते आणि पाच-सात मिनिटांत तिची कड गोलाकार असल्याचे कळू लागते. खंडग्रास ग्रहणात लाल चंद्राची वाट पाहू नये. उजळ भागाच्या झगझगाटात छायेतला तांबूस रंग बुडून जातो आणि आपल्याला तो भाग करडा-काळाच दिसतो. ग्रासमान नऊ दशांशांच्या आसपास गेले तरच तो लालसरपणा डोळ्यांना जाणवतो. ७×५० किंवा १०×५० ची साधी द्विनेत्री (बायनॉक्युलर) असेल तर सावलीची कड एकेका विवरावरून सरकताना दिसते, आणि टायको किंवा कोपर्निकससारखे ठळक विवर कधी झाकले व कधी सुटले याची वेळ वहीत टिपण्यात फार मजा आहे. मोक्षानंतरही धुरकटपणा थोडा वेळ राहतो. ‘दे दान, सुटे गिराण’ ही हाक पूर्वी गल्लीत ऐकू आली की आजी लगेच उठून आंघोळीचे पाणी तापवायला घेई. आता घड्याळ असल्यामुळे तो क्षण आपला आपण पकडता येतो.

मोबाइलवर छायाचित्र काढताना चंद्र हमखास पांढरा ठिपका येतो, कारण कॅमेरा काळ्या आकाशाकडे पाहून प्रकाश वाढवत असतो. पडद्यावर चंद्रावर बोट दाबून फोकस स्थिर करावा आणि शेजारी येणारी सूर्याची खूण खाली ओढून उजेड कमी करावा. मोबाइल हातात धरू नये, स्टँडला लावावा किंवा कठड्यावर विटेला टेकवावा, आणि तीन सेकंदांचा टायमर लावावा. वेगळा कॅमेरा असेल तर उजळ भागासाठी आयएसओ १००, छिद्र एफ ८ आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग ही सुरुवात ठीक ठरते.

त्या छायाचित्राचा एक उपयोग असा आहे, की जो खग्रास अवस्थेत करता येत नाही. मध्याच्या वेळचे चित्र कागदावर मोठे छापून घ्यावे, चंद्राचा व्यास तीन सेंटिमीटरच्या जवळपास येईल इतके. मग स्वयंपाकघरातून वेगवेगळ्या मापांच्या वाट्या, भांडी आणि झाकणे आणून, कोणाची कड सावलीच्या कमानीवर तंतोतंत बसते ते पाहावे. आमटीची वाटी बहुधा लहान पडते. चंद्र तीन सेंटिमीटरचा असेल तर आठ सेंटिमीटरच्या आसपासचे झाकण जुळते, म्हणजे चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची गडद छाया चंद्राच्या सुमारे २.६५ पट रुंद आहे. ही छाया पुढे पुढे निमुळती होत जाते, आणि सूर्य व चंद्र आपल्याला जवळपास सारख्याच आकाराचे दिसत असल्यामुळे चंद्रापर्यंत पोचेतो तिची रुंदी साधारण एका चंद्राच्या व्यासाएवढी कमी झालेली असते. तेव्हा मोजलेल्या आकड्यात एक मिळवला की पृथ्वी चंद्राच्या किती पट आहे ते मिळते: ३.६५. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, चंद्राचा ३,४७४, भागाकार ३.६७ येतो. सावलीची कड धूसर असल्यामुळे घरच्या झाकणाने उत्तर ३.४ ते ३.९ च्या दरम्यान कुठेही येऊ शकते, म्हणून दोघा-तिघांनी एकमेकांचे न पाहता मोजावे आणि मग आकडे ताडून पाहावेत.